शाळेसाठी रोखे : मत देण्यापूर्वीचा हिशेब

2024 च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. एका संध्याकाळी जावयांनी टपालाने आलेली मतपत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जं मंजूर केलीत. हे वाचून सांगा, 'हो' म्हणू की 'नाही'?" नातीचा वर्ग तात्पुरत्या खोलीत भरत होता. शाळेच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी रोखे काढायचे होते आणि त्याला मतदारांची परवानगी हवी होती. आपल्या मंडळातील अनेकांची मुले तिकडे असल्याने हा व्यवहार समजावून सांगतो.

तिथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. मोठ्या दुरुस्तीसाठी ती रोखे विकून एकदम रक्कम उभी करते. मुद्दल आणि व्याज त्या भागातील घरमालकांच्या मालमत्ता करात भर घालून फेडले जाते. म्हणजे कर्जदार शाळा, पण हप्ता घरमालकाचा. म्हणूनच आधी मत घ्यावे लागते.

पूर्वी कॅलिफोर्नियात यासाठी दोन तृतीयांश मते लागत. 2000 साली मतदारांनी 'प्रपोझिशन 39' मंजूर केले आणि 55 टक्के पुरेसे झाले. सोबत अटी आल्या. कामांची यादी आधी जाहीर करायची, पैसा शिक्षकांच्या पगारावर किंवा कार्यालयीन खर्चावर वापरायचा नाही, दरवर्षी लेखापरीक्षण करायचे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची. पहिलीपासून बारावीपर्यंतच्या एकत्रित डिस्ट्रिक्टसाठी अंदाजित कर 1,00,000 डॉलरच्या करपात्र मूल्यामागे वर्षाला 60 डॉलरपेक्षा जास्त नसावा लागतो. घराचे करपात्र मूल्य 8,00,000 डॉलर असेल, तर जास्तीत जास्त 480 डॉलर.

इथे एक मेख आहे. ही मर्यादा एका मतदानापुरती आहे. जुने रोखे फिटले नसतील, तर नवा कर त्यांच्यावर चढतो. त्यामुळे आधीची बाकी पाहिल्याशिवाय नव्या कर्जावर सही करू नये, हा बँकेचा नियम इथेही लागू पडतो.

दुसरा प्रश्न मुदतीचा. 4 टक्के दराने 30 वर्षे समान वार्षिक हप्ते भरले, तर 100 डॉलरचे सुमारे 173 डॉलर होतात. हे गृहकर्जासारखेच झाले. पण काही डिस्ट्रिक्टनी असे रोखे काढले, ज्यांत अनेक वर्षे काहीच भरायचे नाही आणि व्याज मुद्दलात मिळवत जायचे. आपली संचयी ठेव उलट बाजूने पाहा. ठेवीदार म्हणून जे चक्रवाढ व्याज आपल्याला गोड लागते, तेच तिथे अंगावर येते. सॅन दिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये असे सुमारे 10.5 कोटी डॉलर उभे केले. त्यांची परतफेड जवळजवळ 98 कोटी होते! त्यानंतर 2013 मध्ये कायदा झाला. आता अशा रोख्यांची मुदत 25 वर्षांपेक्षा जास्त नसते आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आपल्याकडेही रोखे निघतात. इंदूर महापालिकेने 2023 मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटी रुपयांचे रोखे काढले. त्यांत पैसे गुंतवायचे की नाही, एवढेच आपण ठरवले. कर्ज घ्यावे की नाही, यावर मतदान झाले नाही. तिकडे तो प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो.

आम्ही कामांची यादी, मुदत आणि जुनी बाकी तपासली. यादीत तात्पुरत्या खोल्यांच्या जागी पक्के वर्ग होते, मुदत बेताची होती. मी जावयांना म्हटले, "माझ्या टेबलावर आले असते तर मंजूर केले असते." मुलगी हसून म्हणाली, "आणि मी?" तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. घराच्या करात तिचा निम्मा वाटा आहे, पण मत नाही. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आपली मुले तिथे घर घेत असतील, तर त्यांना हे तीन प्रश्न जरूर कळवा : यादी काय, मुदत किती, आधीचे देणे किती. ज्यांना मत नाही त्यांनीही विचारावेत. हप्ता त्यांच्याही खिशातून जातो.