हॉल्ट स्थानक

हॉल्ट स्थानक : उतारूंच्या चढउतारासाठी गाडी जेथे थांबते, परंतु गाड्यांच्या नियंत्रणात ज्याचा वाटा नसतो, असे लहान रेल्वे स्थानक. तेथे सहसा रेल्वेचा कर्मचारी नसतो. फलाट, नामफलक, निवारा व तिकिटाची खिडकी एवढाच त्याचा पसारा असतो.

भारतीय रेल्वेत स्थानकांचे ब्लॉक व बिगर-ब्लॉक असे वर्ग पाडतात. एकेरी मार्गावर दोन ब्लॉक स्थानकांमधील खंडात सामान्यतः एका वेळी एकच गाडी सोडतात व तिला परवानगी ब्लॉक स्थानकावरून मिळते. हॉल्ट स्थानक अशा खंडाच्या मध्येच असल्याने तेथे स्थानकप्रमुख वा जादा मार्ग लागत नाही आणि ते अल्प खर्चात उभारता येते. मात्र तेथे गाड्यांचे क्रॉसिंग होऊ शकत नाही आणि गाडी थांबते तेवढा वेळ सबंध खंड अडून राहतो. त्यामुळे वाहतूक वाढली, की असे थांबे प्रथम कमी होण्याचा संभव असतो.

तिकिटविक्रीसाठी स्थानिक व्यक्तीस कमिशनवर नेमतात. विक्री घटली, की हे काम परवडत नाही. विक्रेता नसला, की प्रवासी असूनही उत्पन्नाची नोंद होत नाही आणि थांबा तोट्याचा ठरतो.

गाडी कोठे थांबते याला किती महत्त्व असते, हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात दिसून येते. बार्शी लाइट रेल्वेचा ७६ सेंमी. रुंदीचा मार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. तो येडशीवरून जात असे. जिल्ह्याचे ठाणे बाजूला राहिल्याने तेथील उतारूंना येडशी गाठावे लागे. हा मार्ग १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आला. रुंदमापी रूपांतराच्या वेळी त्याची आखणी बदलण्यात आली आणि लातूर–उस्मानाबाद (२००७) व उस्मानाबाद–कुर्डुवाडी (२००८) हे टप्पे सुरू होऊन जिल्ह्याचे ठाणे रेल्वेने जोडले गेले.

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू करताना अनेक लहान थांबे वगळण्यात आले. स्थानकाची वास्तू कायम राहिली, तरी वेळापत्रकातील थांबा गेल्यावर विद्यार्थी, मजूर व बाजारकरू यांना एस. टी. किंवा खाजगी वाहनांवर अवलंबून राहावे लागते.