जुनी जीप, दुसरी चॅसी

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली. पुढे त्याच घराण्यातील 'सीजे-३बी' कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर धावली. आज सोलापूर परिसरात अशी एखादी गाडी हौशी माणसाच्या हाती लागते, तेव्हा बॉडीचा पत्रा बरा, पण खालची चॅसी गंजून निकामी, अशी तिची अवस्था असू शकते. मग भंगारातली दुसरी चॅसी आणून तिच्यावर जुनी बॉडी चढवण्याचा विचार मनात येणे स्वाभाविकच आहे.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. जीपची बॉडी चॅसीवर बोल्टने बसवलेली असते. बोल्ट सोडवले की ती उचलून बाजूला ठेवता येते. खरी अडचण ती पुन्हा खाली ठेवताना सुरू होते. 'सीजे-३बी'च्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ८० इंच, तर नंतरच्या 'एमएम ५४०'चे ९१ इंच. पुढची चाके मडगार्डखाली नेमकी बसवली, तर मागची चाके बॉडीतील कमानीच्या ११ इंच मागे जातात. मग एकतर बॉडी लांब करायची, नाहीतर चॅसी कापून आखूड करायची. पहिल्या मार्गात गाडीचे मूळ रूप जाते; दुसऱ्यात गाठ जिवाशी आहे. पाटे, इंजिन, स्टेअरिंग बॉक्स या सर्वांचा भार चॅसीच पेलते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे पोलाद बदलते. जोड सरळ आडवा घातला आणि त्याला पट्टीचा आधार दिला नाही, तर खड्ड्यांचे हादरे खाऊन तडा तेथेच जाण्याची भीती असते.

मापे जुळली तरी काम संपत नाही. जुन्या विलीज घराण्यात ट्रान्सफर केस आणि मागचे डिफरन्शिअल मध्यरेषेपासून एका बाजूला असते. दुसऱ्या चॅसीत ते मध्यावर असेल, तर फरशीचा उंचवटा आणि गिअरच्या दांड्यांची छिद्रे नव्याने करावी लागतात. प्रोपेलर शाफ्ट आखूड केल्यावर पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू याहून अवघड आहे. वाहनाची ओळख बॉडीवरून नव्हे, चॅसी क्रमांकावरून ठरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुन्या चॅसीवरील क्रमांकाचा तुकडा कापून नवीवर जोडण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती निव्वळ बनावटगिरी आहे.

हौशी मंडळींना झोंबणारी गोष्ट वेगळीच. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते; पण चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच मान चॅसी बदलताच हातचा जातो.

म्हणून आधी मूळ चॅसी उघडी करून गंज खरवडून पाहावा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तिरकी अंतरे टेपने मोजावीत. दोन्ही सारखी भरली आणि गंज ठरावीक जागीच असला, तर चांगला वेल्डर तेवढाच भाग बदलून देऊ शकतो.