गांवदप्तरांतील ‘आणेवारी’ : अर्थनिर्णय

गांवदप्तरांचे रुमाल सोडून बसलें म्हणजे ‘आणेवारी’ हा शब्द पदोपदीं आढळतो, आणि संग्राहकांची फसगत होते ती बहुधा येथेंच. जमिनीच्या किंवा वतनाच्या कागदांत हा शब्द आला, तर सोळा आण्यांपैकीं कोणाचा हिस्सा किती एवढेंच तो सांगतो. पिकाच्या तक्त्यांत आला, तर भरपूर पीक म्हणजे सोळा आणे असें धरून त्या सालीं पदरांत किती पडलें, याचा तो अदमास होय. कागद उलट अर्थानें लाविला, तर धाकट्या भावाचा चार आणे हिस्सा दुष्काळाचें साल होऊन बसतो!

पिकाची आणेवारी ही नुसती नोंद नव्हे. सूट व तहकुबी तिच्यावर ठरे. सूट म्हणजे सारा कायमचा सोडणें, तहकुबी म्हणजे वसुली पुढें ढकलणें. तगाई याहून निराळी. तिचें मूळ बळकटी देणें या अर्थाच्या अरबी शब्दांत आहे. परंतु ती कर्ज आहे, देणगी नव्हे. शिवछत्रपतींनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र याच जातीचें : बैल नसेल त्यास बैल, दाणा नसेल त्यास दाणा द्यावा, आणि व्याज न लावितां मुद्दल तेवढें शक्तीप्रमाणें उगवून घ्यावें. कौटिल्यानें अनुग्रह (देणें) व परिहार (सोडणें) असा भेद पूर्वींच केला आहे. मात्र दोन्ही करितांना कोश खालावूं नये, ही तंबी द्यावयास तो विसरला नाहीं.

इंग्रजी अमदानींत वाद माजला तो नियमाविषयीं नव्हे, मापाविषयीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सुटीचे नियम गांवोगांव समजावून दिले; १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यताच काढून घेतली. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचें मूळही आणेवारींतच आहे. पीक चार आणे वा त्याहून कमी असल्यास त्या वर्षाची वसुली संपूर्ण तहकूब करावी, असा नियम होता. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आंत. अधिकारी म्हणत, अधिक. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनीं चौकशी केली, गांधींनींही केली. शेत एकच, परंतु पाहणारे डोळे निराळे!

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें आलें व आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आंतील गांव तें टंचाईचें. परंतु गांवची सरासरी एका शेतकऱ्याचें दुःख सांगत नाहीं, हा जुना दोष राहिलाच. पुढें केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळसंहितेनें पाऊस, पेरा, जमिनींतील ओल व उपग्रहांनीं टिपलेली हिरवाई ह्या खुणा पुढें आणिल्या. त्यांच्या आधारें महाराष्ट्र सरकारनें ऑक्टोबर २०१८ मध्यें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

सारा आतां इतका अल्प आहे कीं त्याच्या सुटीनें कोणाचें घर सावरत नाहीं. म्हणून परिहार मागें पडून अनुग्रह पुढें आला. २०१५ सालीं मदतीस पात्र होण्याची मर्यादा निम्म्या नुकसानीवरून ३३ टक्क्यांवर आली. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठीं केंद्राचे दर हेक्टरीं जिराईतास ८,५००, बागाइतास १७,००० व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये असे ठरले, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. पंचनामा महसूल, कृषि व ग्रामपंचायत या तीन खात्यांचे नोकर मिळून करितात. पैसा मात्र सातबाऱ्यावरील नांवास मिळतो. बटाईनें कसणाऱ्याचें पीक बुडालें तरी मदत जमीनमालकाच्या खात्यावर जाते. मला तर ही मोठीच उणीव वाटते.

संग्राहकांस विनंती एवढीच कीं, सनदा व महजर जपतां त्या आस्थेनें पीकपाहणीचे तक्तेही जपावे. मोहोर नाहीं, वळण सुंदर नाहीं, म्हणून ते रद्दींत जातात. पण कोणत्या सालीं कोणत्या गांवास काय नाकारलें गेलें, हें पुष्कळदां त्यांतच उरलेलें असतें. तक्ता हातीं आल्यास प्रथम मथळा व साल उतरून घ्यावें, आणि आंकडे हिश्शाचे कीं पिकाचे, हें ठरविल्यावांचून पुढें वाचूं नये.