लढायांचा हिशेब मांडणारा प्राध्यापक : सर जदुनाथ सरकार

पुरंदरचा वेढा म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें मुरारबाजी उभा राहतो. सातशें मावळे घेऊन तो दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडला व धारातीर्थीं पडला, हें सभासदानें लिहून ठेवलें आहे आणि पिढ्यान् पिढ्या तें सांगितलें जात आहे. पण मोंगलांनीं पुरंदरावर सरळ हल्ला न चढवितां आधीं शेजारचा वज्रगड कां घेतला, अवजड तोफा त्या चढणीवर कशा नेल्या, त्याला किती दिवस लागले, हे प्रश्न कथेकऱ्याला पडत नाहींत. ते ज्याला पडतात तो युद्धाचा इतिहासकार. शौर्याला तो कमी लेखीत नाहीं. पण शौर्याच्या जोडीला त्याला दाणावैरण, वाटा, पाणी, तोफेचा पल्ला आणि ऋतु यांचा हिशेब लागतो. हिंदुस्थानच्या लढायांचा असा हिशेब ज्यांनीं आयुष्यभर मांडला, त्यांत सर जदुनाथ सरकार यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे.

बंगालच्या राजशाही जिल्ह्यांतील करचमरिया या खेड्यांत १० डिसेंबर १८७० रोजीं त्यांचा जन्म झाला. तें खेडें आतां बांगला देशांत आहे. गंमत अशी कीं, हा इतिहासकार मूळचा इंग्रजी वाङ्मयाचा. १८९२ सालीं कलकत्त्यास इंग्रजी विषय घेऊन ते एम्. ए. झाले आणि पहिले आले. कलकत्त्याच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवूनच त्यांच्या अध्यापनास आरंभ झाला. पुढें पाटणा, काशी, कटक आणि पुनः पाटणा अशी त्यांची नोकरी झाली. १९२६ सालीं ते निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षें कलकत्ता विद्यापीठाचें कुलगुरुपद त्यांनीं सांभाळलें. १९२९ सालीं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. नोकरीची हकीकत एवढीच.

खरें आयुष्य गेलें तें कागदांच्या शोधांत. औरंगजेबाचा इतिहास लिहावयाचा तर फारसी आलीच पाहिजे, म्हणून ते फारसी शिकले. मराठ्यांशिवाय औरंगजेब पुरा होत नाहीं, म्हणून मराठी शिकले. गोव्याच्या फिरंग्यांचे कागद वाचावे लागले, म्हणून पोर्तुगीज शिकले. औरंगजेबाचे पांच खंड १९१२ पासून १९२४ पर्यंत बाहेर पडले; मोंगल साम्राज्याच्या ऱ्हासाचे चार खंड १९३२ पासून १९५० पर्यंत. शेवटचा खंड निघाला तेव्हां ग्रंथकर्त्याचें वय ऐंशीच्या घरांत होतें.

पुरंदरच्या वेढ्याचा उलगडा त्यांना कोठें मिळाला हें पाहण्यासारखें आहे. मिर्झाराजा जयसिंगाचा मुनशी उदयराज यानें धन्यासाठीं लिहिलेलीं पत्रें 'हफ्त अंजुमन' या नांवाच्या फारसी संग्रहांत राहिलीं होतीं. लढाई चालू असतां छावणींतून बादशहास लिहिलेलीं हीं पत्रें म्हणजे रोजचा ताळेबंदच. वज्रगड हातीं आला कीं पुरंदरची किल्ली हातीं आली, हा जयसिंगाचा हिशेब त्यांतून कळतो. एप्रिल १६६५ मध्यें वज्रगड पडला आणि जूनमध्यें तह झाला. महाराजांनीं २३ किल्ले दिले व १२ आपल्याकडे राखले, हा आंकडा आज शाळकरी मुलाच्याही तोंडीं असतो. त्यामागचा शत्रुपक्षाचा पत्रव्यवहार वाचकांपुढें मांडण्याचें श्रेय जदुनाथांचें.

पानिपताच्या बाबतींत त्यांनीं असेंच केलें. अवधच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरींत असलेला काशीराज पंडित याची फारसी हकीकत इंग्रजीत येऊन बराच काळ लोटला होता. जदुनाथांनीं मूळ फारसी पोथी काढून ती पुनः भाषांतरिली आणि जुन्या भाषांतरांतील चुका दाखविल्या. लाखालाखांच्या फौजांचे बखरींतले आंकडे त्यांनीं बाजूस सारले. अबदालीची लढाऊ फौज सुमारें साठ हजार व भाऊसाहेबांची सुमारें पंचेचाळीस हजार, असा त्यांचा अंदाज. त्यांच्या मतें १४ जानेवारी १७६१ चा निकाल पुष्कळ अंशीं आधींच्या अडीच महिन्यांत लागला होता. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, माणसें उपाशी आणि घोडीं खंगलेलीं. मराठ्यांच्या तोफा मोठ्या, पण एकदां रोंवल्या कीं हलवावयास कठीण. अबदालीच्या उंटांवरील जंबुरे हव्या त्या ठिकाणीं धांवत जात. भाऊसाहेबांच्या धैर्याविषयीं शंका घेण्याचें येथें कारणच नाहीं. पोटांत अन्न नसलेल्या घोड्यावर धैर्य किती वेळ टिकेल, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राला ते सर्वस्वीं रुचले मात्र नाहींत. १९१९ सालीं त्यांचें शिवचरित्र निघालें तेव्हां त्यांनीं फारसी व इंग्रजी साधनांवर फार भर दिला आणि मराठी कागदांना दुय्यम लेखलें, असा आक्षेप पुण्याच्या संशोधकांनीं घेतला. आक्षेप सर्वस्वीं चुकीचा नव्हता. दूरच्या माणसाला घरच्या गोष्टी थोड्या धूसर दिसावयाच्याच. पण नवीं साधनें मिळतील तसतसे त्यांनीं त्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत फेरफार केले, हेंही सांगितलें पाहिजे. पानिपतासंबंधीं त्र्यंबक शंकर शेजवलकरांनीं १९४६ सालीं आपल्या ग्रंथांत निराळी मतें मांडलीं. तो वाद अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

या वादाच्या धुराळ्यांत एक स्नेह मात्र अखंड राहिला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ यांचा पत्रव्यवहार १९०४ च्या सुमारास सुरू झाला आणि अर्धशतक चालला. एक बडोद्याच्या दरबारीं चाकरीस, दुसरा पाटण्यास प्राध्यापक. एक मोडी लावणारा, दुसरा फारसी. पुढें सरदेसाई कामशेतला राहूं लागले, तेव्हां जदुनाथ तेथें येत, आणि दोघे जोडीनें किल्ले व रणभूमी पाहात. नकाशावरची घाट-खिंड आणि पायाखालची घाट-खिंड यांत फरक असतो, हें चालल्याशिवाय कळत नाहीं.

पुण्याचें पेशवे दफ्तर बहुत वर्षें अभ्यासकांना बंदच होतें. (येथें नांवाचा घोटाळा होऊं नये : दफ्तराला कुलूप होतें तें मुंबई सरकारचें, आणि तें उघडावें म्हणून झटणाऱ्यांत एक होते ते हे दुसरे सरकार.) अखेर सरदेसायांची नेमणूक झाली आणि १९३० पासून चार-पांच वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले. त्यामागें जदुनाथांच्या सल्ल्याचा मोठा वांटा होता. त्यानंतर पुण्याच्या इंग्रज वकिलातीचे कागद या दोघांच्या देखरेखीखालीं छापले गेले. महादजी शिंद्यांविषयींचा पहिला भाग १९३६ सालीं स्वतः जदुनाथांनीं संपादिला. १९१९ सालीं स्थापन झालेल्या ऐतिहासिक कागदपत्रांच्या अखिल भारतीय मंडळाचेही ते आरंभापासून सभासद होते. कागद वाळवीनें खाल्ला तर इतिहासकाराची बुद्धि कितीही तल्लख असली तरी काय कामाची?

शिष्यांकडूनही त्यांनीं हेंच काम करून घेतलें. शेरशहाचा इतिहास लिहिणारे कालिकारंजन कानूनगो हे त्यांचे शिष्य. माळव्यांतील सीतामऊचे महाराजकुमार रघुबीर सिंह यांनीं त्यांच्या मार्गदर्शनाखालीं माळव्याचा इतिहास लिहिला आणि गुरूच्याच सल्ल्यानें आपल्या राजधानींत फारसी व मराठी साधनांचा मोठा संग्रह जमविला. दूरदूरच्या दप्तरखान्यांतील पोथ्यांच्या नकला त्या लहानशा गांवीं आल्या. आज तो संग्रह नटनागर शोध संस्थान या नांवानें चालतो.

जदुनाथ १९ मे १९५८ रोजीं वारले. हिंदुस्थानच्या युद्धेतिहासावर वर्तमानपत्रांत त्यांनीं लिहिलेले लेख १९६० सालीं पुस्तकरूपानें निघाले. त्यांची ग्रंथसंपदा कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत गेली. त्याच शहरांतील त्यांच्या राहत्या घरीं पुढें समाजशास्त्रांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली, आणि अलीकडे तेथेंच एक संग्रहालय उघडलें आहे.