‘फँड्री’ : पहिल्याच प्रसंगात पेरलेला शेवट

चित्रपटाचा आरंभ पुष्कळदा आपल्या नजरेतून निसटतो. श्रेयनामावली सरेपर्यंत काही महत्त्वाचे घडणार नाही, असे आपण गृहीत धरलेले असते. नागराज मंजुळे यांचा २०१४ साली प्रदर्शित झालेला ‘फँड्री’ हे गृहीतक खोटे ठरवतो.

आरंभी दिसते ते एवढेच : शाळकरी वयाचा जब्या आणि त्याचा मित्र पिऱ्या काटेरी झुडपांतून दबक्या पावलांनी एका काळ्या चिमणीचा माग काढीत आहेत. हातात गलोल आहे, नेमही धरला जातो. पण चिमणी हाती लागत नाही. मुलांचा खेळ म्हणून आपण तो प्रसंग विसरतो.

त्यामागचे कारण नंतर उलगडते. त्या चिमणीची राख ज्याच्या अंगावर टाकावी तो वश होतो, अशी समजूत जब्याच्या मनात बसली आहे. त्याला वर्गातली शालू आवडते. ती उच्चवर्णीय, तर जब्या डुकरे पकडण्याचे काम माथी आलेल्या कैकाडी कुटुंबातला. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्दही डुकरासाठीचाच. हे अंतर जादूवाचून ओलांडता येणार नाही, एवढे त्या कोवळ्या वयालाही उमगलेले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृतींपैकी पहिली ‘बीज’ ही आहे. आरंभी अल्प रूपात पेरलेले पुढे विस्तारत जाऊन फलापर्यंत पोहोचते, ते बीज. ‘फँड्री’त माग, नेम आणि दगड या तिन्ही गोष्टी पहिल्याच प्रसंगात पेरलेल्या आहेत.

अखेरीस पाठलाग पुन्हा घडतो, मात्र सारे पालटलेले असते. रानातल्या निःशब्दतेची जागा गावाच्या हशाने घेतलेली असते. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते आणि शालूसह सारे तमाशा पाहतात. तिच्या नजरेपासून लपू पाहणारा जब्या आता स्वतःच सावज झालेला असतो. अपमान असह्य होताच तो दगड उचलतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

शालूचे मन वळले की सारे जुळेल, या भाबड्या आशेने जब्याने आरंभी चिमणीवर नेम धरला होता. अडसर कुठे आहे हे त्याला शेवटी कळते, आणि मग नेम बदलतो. चित्रपट पुन्हा पाहिला, की त्या पहिल्या नेमाकडे खेळ म्हणून पाहता येत नाही.