रेडिएटरच्या नेकमधून होणारी कूलंटची गळती : कारणे आणि दुरुस्ती

आमच्या कार्यशाळेत प्रात्यक्षिकासाठी एक जुनी कार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरची वरची नेक, म्हणजे ज्या आखूड प्लॅस्टिक नळीवर वरचा होज चढवतात ती, मुळाशी तडकली. मुलांनी दोन भागांचा इपॉक्सी लावून ती चिकटवली, रात्रभर वाळू दिली आणि इंजिन सुरू केले. वीस मिनिटांत नेक होजसकट सुटली आणि तापलेले कूलंट बॉनेटखाली उसळले. त्या क्षणी कोणी वाकून पाहत नव्हते म्हणून बरे. तो जोड मी स्वतः पाहिला होता आणि ‘चालेल’ म्हणालो होतो. माझे कुठे चुकले, ते आकडे मांडून पाहू.

रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग साधारण १ बार गेज दाब धरून ठेवते. त्यामुळे साधे पाणीही सुमारे १२०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. नेकचा बाह्य व्यास ३४ मिमी आणि जाडी ३ मिमी धरा. १ बार म्हणजे ०.१ मेगापास्कल. पातळ नळीच्या सूत्राने परिघीय ताण सुमारे ०.५ मेगापास्कल येतो. टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते आणि तिची ताकद याच्या कितीतरी पट असते. म्हणजे नेक दाबाने फुटत नाही. ग्लायकॉल-पाण्यात वर्षानुवर्षे तापून नायलॉन ठिसूळ होते, होजची क्लिप कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलेली असते, आणि रबर माउंटवर डुलणारे इंजिन होजमार्फत नेकला सतत ओढत, वाकवत असते. वाकवणारा ताण मुळाशी सर्वाधिक असतो. म्हणून तडा बहुधा तिथेच जातो.

आता चिकटवलेला जोड पाहू. होजला बाहेर ढकलणारे बल = दाब × क्षेत्रफळ = ०.१ × ९०८ = सुमारे ९१ न्यूटन, म्हणजे ९ किलो वजनाइतके. तुटलेल्या कडेचे क्षेत्रफळ सुमारे २९० चौरस मिमी, म्हणून ताण फक्त ०.३ मेगापास्कल. कागदावर जोड टिकायला हवा, आणि मीही तेवढाच विचार केला होता. पण खोलीच्या तापमानाला वाळलेले साधे इपॉक्सी बहुतेक वेळा ५० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि वरच्या होजमध्ये ९० अंशांचे कूलंट असते. त्यात नायलॉनमध्ये ग्लायकॉल मुरलेले, त्यामुळे पकड मुळातच कमी. शिवाय इंजिनचे हेलकावे कड सोलून काढतात, आणि चिकट जोडाला सोलणे सर्वात कमी सोसते.

मग करावे काय? तडा नेकच्या टोकाशी असेल आणि मागे होज बसण्याइतकी लांबी उरत असेल, तर टोक सरळ कापून, कड घासून, होज पुन्हा चढवता येतो. नवी क्लिप होज दबेल इतकीच आवळा. तडा मुळाशी असेल तर आतून घट्ट बसणारा ॲल्युमिनियमचा नळीतुकडा तड्याच्या दोन्ही बाजूंना पुरेसा जाईल असा बसवतात. वाकवणारा भार मग तो तुकडा घेतो आणि इपॉक्सीला फक्त फट बुजवायची राहते. हा उपाय गॅरेजपर्यंत सावकाश जाण्यापुरता. जुन्या तांबे-पितळी रेडिएटरला कथलाचा डाग देऊन भागत असे. प्लॅस्टिकला तो मार्ग नाही.

पक्की दुरुस्ती म्हणजे टाकी बदलणे. ॲल्युमिनियम कोअरच्या कडेचे दात उचलून जुनी टाकी काढतात, नवे गॅस्केट घालून नवी बसवतात आणि दात परत दाबतात. दात एकदा वाकवणे जमते. पुन्हा पुन्हा वाकवले तर तुटतात. माझे मत असे, की गाडी दहा वर्षांची असेल तर पूर्ण रेडिएटरच बदलावा. दुसऱ्या बाजूची टाकीही तितकीच शिजलेली असते.

काम करताना इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. काढलेले कूलंट गटारात ओतू नका, उघड्या भांड्यातही ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.

गळती चालू असताना आणखी एक गोष्ट फसवते. कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर हवेत राहतो, आणि इंजिन तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटते गाडी थंड झाली, आणि तेवढ्यात सिलिंडर हेड वाकते. काटा अचानक पडला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

दुरुस्तीनंतर थंड इंजिनवर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्या आणि तो पंधरा मिनिटे टिकतो का पाहा. मग निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढून टाका. अडकलेली हवा पहिल्या फेरीनंतरच वर येते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पातळी पुन्हा पाहावी लागते.