परमुलखांतील मोटार-अपघात

परदेशच्या सहलीची तयारी सुशिक्षित घरांतून महिना महिना आधीं चालते. पासपोर्ट, व्हिसा, उबदार कपडे, चिवड्या-लाडवांचे डबे, यांतील कांहीं राहूं नये म्हणून याद्या होतात. परंतु तिकडे स्वतः मोटार चालवावयाची असेल आणि तिला अपघात झाला, तर काय करावें, हा प्रश्न बहुधा कोणत्याच यादींत नसतो. अभद्र बोलूं नये, हा संस्कार कदाचित् त्याच्या मुळाशीं असावा. पण न बोलल्यानें अपघात टळत नाहीं. फक्त माणूस गोंधळलेला सांपडतो.

फ्रान्सचें उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. पुण्याच्या एका कुटुंबानें तेथें मोटार भाड्यानें घेतली व तें खेड्यापाड्यांतून हिंडावयास निघालें, अशी कल्पना करावी. गृहस्थ मोटार चालवीत आहेत, पत्नी उजव्या अंगास बसल्या आहेत. एका गांवांतील चौकांत उजवीकडील अरुंद गल्लींतून एक गाडी न थांबतां येते आणि मोटारीच्या उजव्या बाजूवर आदळते. गृहस्थांस वाटतें, मोठा रस्ता आपला, तेव्हां चूक गल्लींतून आलेल्याची. वस्तुतः तेथील नियम उलट आहे. चौकांत दुसरी खूण नसेल, तर उजवीकडून येणाराचा हक्क पहिला, मग त्याची गल्ली कितीहि लहान असो. टोकावर उभ्या केलेल्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल, तर त्या रस्त्यावरील वाहनास अग्रहक्क मिळतो.

पण चूक कोणाची, हा विचार मागाहूनचा. पहिलें कर्तव्य माणसांविषयींचें. धोक्याचे दिवे लावावे व उतरण्यापूर्वींच चकाकणारें जाकीट अंगांत चढवावें. तें जाकीट व लाल त्रिकोण मोटारींत बाळगणें तेथें २००८ सालापासून सक्तीचें आहे. मात्र जाकीट सामानाखालीं दडपलेलें असेल, तर ऐन वेळीं त्याचा उपयोग नाहीं. त्रिकोण मोटारीपासून निदान ३० मीटर अंतरावर ठेवावा. जलद वाहतुकीच्या महामार्गावर मात्र त्यासाठीं जीव धोक्यांत घालूं नये. सर्वांनीं कठड्यापलीकडे जाऊन मदत मागावी. कोणास इजा झाली असल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. युरोपीय संघाच्या सर्व देशांत तो चालतो व त्यास पैसे पडत नाहींत. अपघात करून पळून जाणें हा गुन्हा आहेच. पण संकटांतील माणसास शक्य असतां साहाय्य न करणें, हाहि फ्रान्समध्यें गुन्हाच समजतात.

यानंतरची गोष्ट भारतीय प्रवाशास अगदीं नवी वाटते. पोलीस येतील, पंच जमतील आणि पंचनामा होईल, अशी त्याची अपेक्षा असते. तेथें केवळ पत्रा चेपला असेल, तर पोलीस बहुधा येतच नाहींत. पंचनामा दोघां चालकांनीं आपसांत करावयाचा असतो! त्यासाठीं छापील कागद असतो. त्यास 'कोंस्ता आमियाब्ल', म्हणजे सलोख्यानें केलेली नोंद, असें म्हणतात. त्याची एक बाजू निळी, एक पिवळी. मधोमध सतरा चौकटी असतात: मोटार उभी होती, मागें येत होती, चौकांत उजवीकडून येत होती, इत्यादि. आपणांस लागू असेल तेथेंच खूण करावी, आणि एकंदर किती खुणा केल्या तो आंकडा खालीं लिहावा, म्हणजे मागाहून कोणास भर घालतां येत नाहीं. त्याखालीं रस्त्याची आकृति काढून मोटारींच्या जागा व पाट्या दाखवाव्या. शेवटीं दोघांनीं सह्या करून एकेक प्रत घ्यावी.

ही सही म्हणजे दोषाची कबुली नव्हे. परंतु लिहिलेली हकीकत खरी असल्याचा तो शब्द आहे. विमा कंपन्या त्यावरूनच दोष ठरवितात, आणि सह्या झाल्यावर एकट्यास त्यांत फेरफार करतां येत नाहीं. म्हणून न समजलेल्या मजकुराखालीं केवळ भिडेखातर सही करूं नये. मतभेद असेल तर तो शेऱ्याच्या जागीं लिहावा. दुसरा सही करण्यास तयार नसेल, तर त्याच्या गाडीचा क्रमांक, छायाचित्रें व साक्षीदारांचीं नांवें टिपावीं. या कागदाची मांडणी युरोपांत सर्वत्र सारखी असते व रकान्यांस क्रमांक असतात. त्यामुळें इंग्रजी प्रत शेजारीं ठेवली, कीं फ्रेंच कागद वाचतां येतो.

त्याच दिवशीं मोटार देणाऱ्या कंपनीस कळवावें. तिच्या करारांतील 'फ्रांशीझ' हा शब्द विशेष पाहावा. नुकसानीचा जो भाग भाडेकऱ्यानें सोसावयाचा, त्याला तो शब्द लावतात. व्हिसासाठीं काढलेला किमान ३०,००० युरोंचा विमा दुखण्याखुपण्यासाठीं असतो. मोटारीच्या नुकसानीशीं त्याचा संबंध नाहीं. उलट, गृहस्थांची चूक ठरली तरी शेजारीं बसलेल्या पत्नीच्या इजेची भरपाई मोटारीच्या विम्यांतून मिळूं शकते. १९८५ च्या फ्रेंच कायद्यानें प्रवाशांस तें संरक्षण दिलें आहे. यासाठीं मान दुसऱ्या दिवशीं दुखूं लागली तरी डॉक्टरांचा दाखला घ्यावा. भारतीय वकिलात नातलगांस कळवील, वकिलांचीं नांवें देईल. पण बिलें भरणार नाहीं.

निघण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा व मूळ परवानाहि जवळ ठेवावा. आणि त्या सतरा चौकटी घरींच, शांतपणें बसून, एकदां वाचाव्या. घाबरलेल्या माणसास परकी भाषा तर समजत नाहींच, स्वतःचीहि धड सुचत नाहीं. पुण्याच्या त्या गृहस्थांनीं तो कागद आधीं वाचला असता, तर 'उजवीकडून येत होती' ही चौकट पाहूनच तेथील नियमाविषयीं त्यांनीं चौकशी केली असती, आणि कदाचित् त्या गल्लीच्या तोंडाशीं त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता.